गरम झाल्यावर बंद पडणारी जुनी शंभर सीसी : टॅपेटची फट पुन्हा पुन्हा का मिटते

सकाळी पहिल्या किकला सुरू होणारी आणि सहकारनगरातून स्वारगेटपर्यंत निमूट जाणारी माझी १९९९ सालची चार-स्ट्रोक मोटारसायकल कात्रजच्या जुन्या घाटात मात्र बोगदा दोन वळणांवर आला की हटकून बंद पडत असे. आधी ओढ कमी होई, मग इंजिन एखाद-दुसरा ठोका चुकवू लागे आणि गिअर बदलण्यासाठी थ्रॉटल सोडताच थांबे. त्यानंतर किक मारून पाय भरून आला तरी ते दाद देत नसे. पंधरा-वीस मिनिटे सावलीत उभी केली की काही झालेच नव्हते अशा थाटात गाडी पुन्हा सुरू होई. हा दोष मार्चपासून पुढच्या जानेवारीपर्यंत चार वेळा ‘दुरुस्त’ झाला आणि चारही वेळा परतला. पाचव्या वेळी तो गेला, तो कसा गेला हे इथे सविस्तर लिहीत आहे, कारण पार्किंगमध्ये बसून स्वतः काम करणाऱ्याची अशा दोषात सर्वांत अधिक फसगत होते.

इंजिन ९७.२ सीसीचे, आडव्या सिलिंडरचे, ५० मिलिमीटर बोअर आणि ४९.५ मिलिमीटर स्ट्रोकचे, कॅमशाफ्ट हेडमध्ये असलेले आहे. पुण्यात या जातीची इंजिने अजून इतकी फिरतात की पुढचा तपशील बऱ्याच जणांना उपयोगी पडावा. मात्र आकडे घेताना आपापल्या गाडीचे मॅन्युअल पाहूनच घ्यावेत.

पहिले तीन उपाय का ‘लागू पडले’ ते आधी सांगतो. मार्चमध्ये मी प्लग आणि प्लग-कॅप बदलली. एप्रिलमध्ये कार्बोरेटर उतरवून जेट साफ केले, फ्लोटची पातळी पाहिली. मे महिन्यात ओळखीच्या मिस्त्रींनी सीडीआय, म्हणजे ठिणगीची वेळ सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा, बदलून दिला आणि ‘काका, आता बघा कशी पळते’ असे ठामपणे सांगितले. तिन्ही वेळा गाडी चालली, कारण काम करण्यासाठी ती तासन् तास उभी राहिली होती आणि थंड झाली होती. गरम झाल्यावर होणाऱ्या दोषात इंजिन थंड होणे हाच तात्पुरता इलाज असतो, त्यामुळे त्या अवधीत हातून जे काही घडेल त्याला फुकटचे श्रेय मिळते. त्यातच जूनमध्ये पाऊस सुरू झाला, हवा गार झाली, माझ्या फेऱ्या मंडईपुरत्या उरल्या आणि सीडीआयने काम फत्ते केले असे मी चार महिने समजून चाललो. ऑक्टोबरचे ऊन पडले आणि पहिल्याच रविवारी खेड शिवापूरला निघालेली गाडी त्याच वळणावर उभी राहिली.

तेव्हा निश्चय केला की दोष हजर असतानाच तपासणी करायची, घरी आल्यावर नाही. त्यासाठी लागणारे सामान एका जुन्या पेन्सिल-पाऊचमध्ये मावते: एक चांगला जादा प्लग, स्क्रू-ड्रायव्हर, प्लास्टिकची छोटी पारदर्शक बाटली आणि चिंधी. गाडी बंद पडल्यापासून पहिली चार-पाच मिनिटेच खरी कामाची असतात. नंतर इंजिन निवत जाते आणि पुरावाही त्याबरोबर निघून जातो.

सर्वांत आधी हत्यार न घेता होणारी तपासणी करावी, म्हणजे चावी बंद ठेवून किक हाताने हळूहळू दाबावी. निरोगी इंजिनात दाबाच्या स्ट्रोकला किक अडते आणि क्षणभर हाताला उलट ढकलते. ती हवेत हात फिरवल्यासारखी खाली गेली, तर दाब कुठून तरी निसटतो आहे आणि प्लग-कार्बोरेटरकडे वळण्याआधी तिकडे पाहिले पाहिजे. थंड असताना किक कशी लागते याची सवय मात्र हाताला आधीपासून हवी, म्हणून घरून निघण्यापूर्वी दोन वेळा दाबून पाहावी.

दुसरी तपासणी टाकीच्या झाकणाची. झाकण उघडताना ‘सुस्स’ असा हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि मिनिटभरात गाडी सुरू झाली, तर झाकणातले हवेचे बारीक छिद्र बुजलेले आहे. टाकीत पोकळी तयार होऊन पेट्रोल खाली उतरत नव्हते. हा दोष इतका क्षुल्लक आणि त्याची लक्षणे इतकी गंभीर असतात की त्यापायी पूर्ण इंजिन उघडल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. माझ्या झाकणातून काहीच आवाज आला नाही.

तिसरी करंटची. इथे एक सावधगिरी आवश्यक आहे: तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढू नये, कारण आटे प्लगबरोबर बाहेर येऊ शकतात. त्याऐवजी प्लग-कॅप काढून तीत जादा प्लग बसवावा, त्याचे धातूचे अंग हेडच्या फिनला घट्ट टेकवावे, हात रबरी कॅपवर ठेवावा आणि किक मारून ठिणगी पाहावी. मूळ प्लग जागेवरच राहिल्याने पेट्रोलची वाफ बाहेर येऊन पेटण्याचा धोकाही टळतो. ठिणगी निळसर आणि ‘टक्’ आवाज करणारी असेल तर इग्निशनला तात्पुरते निर्दोष मानावे. ती तांबूस असेल किंवा दिसतच नसेल, तर संशय पिकअप कॉइल (ठिणगीचा इशारा देणारी) आणि इग्निशन कॉइल (ठिणगीचा दाब चढवणारी) यांच्यावर जातो, कारण या कॉइलच्या बारीक तारेतला तडा थंडपणी जुळलेला राहतो आणि तापून पसरल्यावर उघडतो. अशा वेळी घरी पिकअप कॉइलचा रोध मल्टिमीटरने थंड असताना मोजावा, मग केस वाळवण्याच्या यंत्राने ती पाच-सात मिनिटे तापवून पुन्हा मोजावा. रोध तापमानाबरोबर थोडा वाढणे स्वाभाविक आहे. तो एकदम अनंत झाला तर कॉइल गेली. मल्टिमीटर तपकीर गल्लीत बऱ्यापैकी स्वस्त मिळतो आणि एका अनावश्यक सीडीआयच्या किमतीत तो वसूल होतो, हे मला उशिरा सुचले.

चौथी तपासणी पेट्रोलची, आणि ती मुद्दाम ठिणगीनंतर. फ्लोटच्या वाटीखालचा निचऱ्याचा स्क्रू सैल करून पेट्रोल बाटलीत घ्यावे. धार अर्ध्या मिनिटानंतरही टिकली तर पुरवठा ठीक आहे. सुरुवातीला आली आणि मग थेंबांवर आली तर कॉकची जाळी किंवा फ्लोटची सुई पाहावी. बाटलीच्या तळाशी पाण्याचा वेगळा थर किंवा तांबूस गाळ दिसतो का तेही पाहून घ्यावे, कारण पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीत दोन्ही सापडतात. बाटली लगेच बंद करून सायलेन्सरपासून दूर ठेवावी.

त्या रविवारी माझ्या गाडीची ठिणगी निळी होती, पेट्रोलची धार अखंड होती आणि किक मात्र कापसासारखी मऊ लागत होती. सात महिन्यांत प्लग, जेट आणि सीडीआय यांच्यावर खर्च झाला होता आणि दोष त्या तिघांच्याही घरचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर निवलेल्या इंजिनावर टॅपेट तपासले, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा आणि त्याला दाबून उघडणारा रॉकर यांच्यामधली फट मोजली. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्हची फट थंड अवस्थेत ०.०५ मिलिमीटर ठेवायची असते. इनटेकमध्ये ०.०५ ची पट्टी (फट मोजण्याचा पातळ पत्रा, फीलर गेज) नीट घासत गेली. एक्झॉस्टमध्ये ती शिरेचना. रॉकर हाताने हलवून पाहिला तर हलेचना. फट शून्य झाली होती. धावत्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेल्या वायूंच्या झोतात असतो, त्यामुळे तो सर्वांत अधिक तापतो आणि त्याचा दांडा लांबतो. लांबायला फट शिल्लक नसेल तर रॉकर त्याला दाबून धरतो, व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीवर, पूर्ण टेकत नाही आणि दाब फटीतून सायलेन्सरमध्ये निघून जातो. व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः सीटमार्फत हेडला देत असतो. तो टेकलाच नाही तर आणखी तापतो, आणखी लांबतो. घाटात गाडी अचानक मेल्यासारखी का होत होती आणि वीस मिनिटांत का सावरत होती, याचे उत्तर या एका चक्रात होते.

फट लावण्याची रीत सोपी आहे, पण तीत चुकायच्या दोन जागा आहेत. डाव्या कव्हरवरची दोन्ही गोल झाकणे काढून आतले चुंबकी चाक, म्हणजे मॅग्नेट, पान्याने घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावा आणि मॅग्नेटवरची ‘टी’ खूण कव्हरच्या खाचेशी जुळवावी. शेजारीच ‘एफ’ खूण असते. ती ठिणगीच्या वेळेची आहे, टॅपेटशी तिचा संबंध नाही, आणि चष्मा घरात विसरल्यास तीच जुळवली जाते. शिवाय ‘टी’ खूण दोन फेऱ्यांत दोनदा जुळते, पण त्यांतली एकच दाबाच्या स्ट्रोकची. ती कोणती हे इनटेकच्या रॉकरवरून ओळखावे: तो खाली दाबून वर आला की त्यानंतर येणारी ‘टी’ आपली. लॉक-नट सैल करून, ०.०५ ची पट्टी ठेवून, स्क्रू पट्टीला हलका घासेपर्यंत फिरवावा, नट कसावा आणि पट्टी पुन्हा घालून पाहावी, कारण नट कसताना स्क्रू किंचित वळतोच.

टॅपेटबाबत आपल्याकडे एक हट्टी गैरसमज आहे. टकटक आवाज येतो म्हणून गिऱ्हाईक तक्रार करते, गॅरेजमध्ये गर्दी असते, इंजिन गरमच असते आणि आवाज जाईपर्यंत स्क्रू आवळला जातो. गिऱ्हाईक खूश होऊन जाते. बारीक टकटकणारे टॅपेट कानाला त्रास देते इतकेच. अगदी मुके झालेले टॅपेट व्हॉल्व्ह जाळू शकते. माझीही गाडी गेली दोन वर्षे फार ‘स्मूथ’ चालते असे मी चारचौघांत सांगत असे.

फट लावली आणि गाडी घाट एका दमात चढली. हा चौथा उपाय, आणि खरे कारण सापडल्याच्या आनंदात मी इथेच थांबलो, ही माझी चूक. सुमारे चौदाशे किलोमीटरनंतर, जानेवारीत, पुन्हा तेच वळण आणि पुन्हा मऊ किक. घरी येऊन पाहिले तर इनटेक जसेच्या तसे आणि एक्झॉस्टची फट पुन्हा नाहीशी. स्क्रू सैल झाला असता तर फट वाढली असती. ती मिटते याचा अर्थ व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल रुतत आहे आणि त्याचा दांडा तेवढा रॉकरकडे सरकतो आहे. चौदाशे किलोमीटरमध्ये ०.०५ मिलिमीटर हे प्रमाण मला भयंकर वाटले.

हेड उघडण्यापूर्वी दाब व्हॉल्व्हकडूनच जातो याची खात्री केली. प्लगच्या जागी दाबमापक बसवून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून किक मारल्या आणि आकडा टिपला; मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजले. ऑइलने रिंगांभोवतीची फट तात्पुरती भरते, त्यामुळे आकडा चांगला वाढला असता तर रिंगा आणि बोअर दोषी ठरले असते. तो जवळपास तेवढाच राहिला. आडव्या सिलिंडरमध्ये ऑइल सगळीकडे सारखे पसरत नाही, म्हणून ही परीक्षा दोनदा घ्यावी.

पण व्हॉल्व्ह इतक्या वेगाने का रुततो हा प्रश्न उरलाच होता, आणि त्याचे उत्तर प्लगने दिले. बाहेर काढलेला प्लग पांढरट, खडूसारखा होता. मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त असल्याची ती खूण. जेट साफ, फ्लोटची पातळी बरोबर, तरीही हवा जास्त, म्हणजे ती कार्बोरेटर ओलांडून चोरवाटेने येत असली पाहिजे. इंजिन संथ चालू ठेवून कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधल्या काळ्या इन्शुलेटरच्या सांध्यावर ब्रशने घट्ट इंजिन ऑइल लावले. वरच्या बाजूला ऑइल लागताच इंजिनाची लय बदलली आणि ऑइल आत ओढले गेलेले दिसले. काहीजण या परीक्षेसाठी पेट्रोल किंवा कार्बोरेटर-क्लीनर फवारतात. तापलेल्या सायलेन्सरच्या वितीवर, सोसायटीच्या बंदिस्त पार्किंगमध्ये तसे करणे वेडेपणाचे आहे. इन्शुलेटर उतरवल्यावर त्यातली रबरी ओ-रिंग चपटी, काचेसारखी कडक आणि एका जागी तडकलेली निघाली. बहुधा ती गाडीइतक्याच वयाची होती.

त्यात आजच्या पेट्रोलचाही थोडा वाटा आहे. फेब्रुवारी २०२३ पासून देशात वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल टप्प्याटप्प्याने मिळू लागले. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे एक किलो निव्वळ पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते तिथे इथेनॉलला साधारण ९ किलोच पुरते. नव्या गाडीतला संगणक हा फरक भरून काढतो. कार्बोरेटरचे जेट तेवढेच राहते आणि मिश्रण आपोआप किंचित हलके, म्हणजे हवा जास्त असलेले, होते. सगळे खापर इथेनॉलवर फोडणे सोपे आहे, पण माझ्या मते चांगल्या ओ-रिंगने हे इंजिन तेवढा फरक सोसले असते. फुटक्या रिंगेची हवा त्यात मिसळली तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापत गेला आणि रुतत गेला.

आडव्या इंजिनात हेड काढण्यासाठी इंजिन चौकटीतून उतरवावे लागत नाही, ही मोठी सोय. कॅमचे स्प्रॉकेट सोडताना टायमिंग चेन तारेने बांधून ठेवावी. ती खाली निसटली की पुढचे दोन तास तिला वर काढण्यात जातात. हेडचे चार नट आणि त्यांचे वॉशर कोणत्या जागेचे होते याचा फोटो काढून ठेवावा. त्यांतला तांब्याचा वॉशर ऑइल जाणाऱ्या स्टडवरचा आहे. तो दुसरीकडे बसला तर ऑइल बाहेर झिरपत राहील.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला एका बाजूस करड्या रंगाची जळकी खाच होती आणि सीटवर मध्येच रुंद, मध्येच तुटक असा पट्टा उमटला होता. व्हॉल्व्ह गाइडमध्ये, म्हणजे त्याचा दांडा ज्या नळीत सरकतो तीत, थोडा उचलून आडवा हलवला तर डुगडुगत होता. हे पाहिल्यावर मी घरच्या कामाची हद्द आखली. व्हॉल्व्ह सीटवर घासण्याच्या खरखरीत लॅपिंग पेस्टने सीटवरचा बारीक खडबडीतपणा जातो. जळालेला व्हॉल्व्ह, बसलेली सीट आणि ढिले गाइड पेस्टने सुधारत नाहीत, उलट घासत बसल्यास व्हॉल्व्ह आणखी रुततो. नाना पेठेतून नवे व्हॉल्व्ह, गाइड, सील आणि गॅस्केटचा संच आणला आणि गाइड बसवणे व सीट कापणे हे काम लेथवाल्याकडून करून घेतले. शेवटची बारीक पेस्ट मी घरी दिली आणि रॉकेलने प्रत्येक कोपरा तीनदा धुतला, कारण पेस्टचा एक कण बोअरमध्ये गेला तर रिंगांचे काम नव्याने निघेल. मग हेड उलटे-सुलटे करून दोन्ही पोर्टमध्ये आळीपाळीने रॉकेल भरले आणि चहा होईपर्यंत वाट पाहिली. व्हॉल्व्हभोवती ओल आली नाही.

बसवताना नवी ओ-रिंग घातली. जुन्या इन्शुलेटरची बाजू थोडी वाकलेली होती. काचेवर सँडपेपर ठेवून ती सपाट केली. हेडचे नट तिरप्या क्रमाने, तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत कसले. काढलेले ऑइल डब्यात भरून गॅरेजमधल्या पिंपात नेऊन दिले. सोसायटीच्या गटारात ओतण्याचा मोह होतो, आणि आमच्या सचिवांनी पार्किंगच्या फरशीवरच्या एका डागावरून केलेला पत्रव्यवहार पाहता तो न झालेलाच बरा.

नव्या सीटवर व्हॉल्व्ह आधी थोडा बसतोच, म्हणून पाचशे किलोमीटरला फट पाहिली, एक्झॉस्टची ०.०४ पर्यंत आली होती, ती पुन्हा ०.०५ केली. दीड हजारला ०.०५ ची पट्टी गेली आणि तीन हजारलाही गेली. प्लगचे टोक आता विटकरी दिसते. मधल्या एप्रिलमध्ये, दुपारी दोनच्या उन्हात, मागे बायको बसलेली असताना गाडी घाट चढून बोगद्यापलीकडे गेली. तिथे मी मुद्दाम इंजिन बंद केले, चावी काढली आणि किक हाताने दाबून पाहिली. ती अर्ध्यावर अडली आणि तळहाताला उलटी ढकलून गेली.